घरच्या घरी लॅन केबल



आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत चार जुने संगणक आहेत. त्यांत वाय-फायची सोय नाही, म्हणून राउटरपासून प्रत्येकापर्यंत केबल न्यावी लागते. तयार केबल ठरावीक लांबीचीच मिळते. कधी हातभर कमी पडते, तर कधी उरलेल्या केबलची वेटोळी पायात येतात. म्हणून आम्ही केबल घरीच तयार करायचे ठरवले. काम अवघड नाही. पण आमच्याकडून एक चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आजचा हा विषय.

साहित्य : कॅट ५ ई केबल, आरजे ४५ कनेक्टर, क्रिम्पिंगची पक्कड आणि दिव्यांचा टेस्टर. कनेक्टर थोडे जास्त आणावेत, कारण एकदा दाबलेला पुन्हा वापरता येत नाही. पक्कड व टेस्टर चार घरांत मिळून घेतले तरी चालतात. केबल घेताना आतली एक तार पात्याने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनिअम समजावे. ते स्वस्त असते, पण लवकर तुटते.

कृती : केबलचे वरचे आवरण इंचभर सोलावे. आत आठ तारा, चार जोड्यांत पिळलेल्या दिसतील. पीळ सोडवून तारा सरळ कराव्यात. कनेक्टरची खिट्टी खाली आणि पितळी पट्ट्या आपल्याकडे धरून, डावीकडून हा क्रम लावावा :

१. पांढरा-नारिंगी
२. नारिंगी
३. पांढरा-हिरवा
४. निळा
५. पांढरा-निळा
६. हिरवा
७. पांढरा-तपकिरी
८. तपकिरी

आता अर्धा इंच ठेवून तारा एका रेषेत कापाव्यात व कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सारून पक्कड घट्ट दाबावी. वरचे आवरणही कनेक्टरच्या आत गेले पाहिजे, नाहीतर सगळा ताण तारांवर येतो. दुसऱ्या टोकाला हाच क्रम लावावा.

आता आमची चूक ऐका. वरचा क्रम आम्हाला विचित्र वाटला. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी कशाला? आम्ही नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावल्या. दोन्ही टोके सारखी होती. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले आणि आम्ही खूश झालो. जवळच्या संगणकावर नेट चालले. पण भिंतीच्या कडेने नेलेल्या लांब केबलवर ते सारखे तुटू लागले. अर्जाच्या शेवटच्या दिवशी एका मुलीचा फोटो चार वेळा अर्ध्यावर अडकला. शेवटी तिने शेजारच्या ताईच्या मोबाइलवरून अर्ज भरला. आम्ही मात्र आठवडाभर नेटवाल्याला बोल लावत होतो.

खरे कारण पिळात होते. जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा विद्युत गोंधळ जवळपास सारखाच येतो. संगणक दोन तारांमधला फरक तेवढा वाचतो, म्हणून तो गोंधळ वजा होतो. ही युक्ती जुनी आहे. टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली पिळलेल्या तारांचे पेटंट घेतले होते. केबलमध्ये १ व २ ही एक जोडी, तर ३ व ६ ही दुसरी. मधल्या ४ व ५ या जागा टेलिफोनच्या जोडीच्या, म्हणून हिरवी तिच्या दोन्ही बाजूंना बसते. आमच्या क्रमात ३ ला हिरव्या जोडीतली तार होती आणि ६ ला निळ्या जोडीतली. त्यांचा एकमेकींशी पीळच नव्हता. साधा टेस्टर तार जोडलेली आहे एवढेच सांगतो, जोडी बरोबर आहे की नाही ते त्याला कळत नाही.

आम्ही सगळी टोके कापून नव्याने लावली. तेव्हापासून तक्रार नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. केबल विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नये. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडावी. आणि एका केबलची लांबी १०० मीटरच्या पुढे जाऊ देऊ नये.

मुलांना हे काम जरूर शिकवा. आमच्याकडे आता नववीतली मुलगी सर्वांत नीट टोक लावते. मात्र दिवे लागले तरी एकदा रंग मोजून पाहा.