बाहेरचे सूर आणि घरचा षड्ज

गिटार शिकणाऱ्या आपल्या मुलांना हल्ली दोन गोष्टी एकाच तोंडाने सांगितल्या जातात. पहिली अशी, की पेंटाटॉनिक, म्हणजे पाच स्वरांचे स्केल, हे नवशिक्यांसाठी. ते पहिल्या काही महिन्यांत उरकावे आणि पुढे जावे. दुसरी अशी, की मोठे लीड गिटारवादक 'आउटसाइड' वाजवतात, म्हणजे गाण्याच्या स्केलबाहेरचे सूर घेतात. तेव्हा धीट व्हावे, बोटे एक पडदा पुढे सरकवावीत, की झाले आउटसाइड! या दोन्ही शिकवणुकींना आमचा विरोध आहे. पाच स्वर ही गरिबी नव्हे आणि बाहेर जाणे ही मनमानी नव्हे. उलट, बाहेर जाऊन सुखरूप परतण्याची वाट ज्याला शोधायची आहे, त्याला या पाच स्वरांइतका भरवशाचा सोबती मिळणे कठीण, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिसरा पक्ष आहे ज्येष्ठ श्रोत्यांचा. त्यांना हे सारे वादनच बेसूर वाटते. त्यांनाही आम्ही उत्तर देऊ इच्छितो.

हा तर वादकांचा आपापसांतला वाद, त्याच्याशी कुटुंबांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. आपल्या समाजात मुलांच्या हाती गिटार हौसेने दिली जाते. आईबाप पोटाला चिमटा काढून शिकवणीचे पैसे भरतात. दोन-तीन वर्षांत मुलाच्या बोटांत डझनभर आकृत्या बसतात आणि कानात एकही स्वर बसत नाही. मग 'आता काहीतरी तुझे वाजव' असे कोणी म्हटले, की मूल गडबडते, आणि पुढे ती गिटार कपाटावर धूळ खात पडते. दोष मुलाचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. म्हणूनच मुळापासून विचार करू.

ए मायनर पेंटाटॉनिक घ्या. त्याचे स्वर पाच: ए, सी, डी, ई, जी. ए या स्वराला षड्ज मानले तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्याकडच्या धानी रागाचे हेच स्वर. सीला षड्ज मानले तर त्याच पाच स्वरांचा भूप होतो. म्हणजे ही वस्तू काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. लहानपणापासून आपल्या कानावर आहे. या पाच स्वरांची एक गंमत अशी, की ते पंचमांच्या एका सलग साखळीतून निघतात. सीचा पंचम जी, जीचा डी, डीचा ए आणि एचा ई. पाच दुवे झाले की पेंटाटॉनिक पुरे होते. साखळी सात दुव्यांपर्यंत नेली की मेजर स्केल होते, आणि बारा दुव्यांनी वर्तुळ पुरे होऊन आपण मूळ स्वरावर परत येतो. या पाचांत कोठेही अर्ध्या स्वराचे अंतर नाही. त्यामुळे ते एकमेकांना खटकत नाहीत, कोणत्याही क्रमाने घेतले तरी त्यांची चाल ओळखू येते. हीच त्यांची शक्ती. ओळख पक्की असलेला माणूस परमुलखातही ओळखू येतो. तसेच हा पाच स्वरांचा गट उचलून दुसरीकडे ठेवला, तरी कान त्याला विसरत नाही.

आता 'बाहेर' म्हणजे काय ते पाहू. साथीला ए मायनरची कॉर्ड सतत वाजते आहे आणि वादकाने डोरियन स्केल धरले आहे, असे समजा. घरात मग सात स्वर आले: ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प, जी. आपल्या भाषेत हा काफी थाट. या घरात ए, ई आणि बी या तिन्ही स्वरांवरून सुरू होणारे मायनर पेंटाटॉनिक पूर्णपणे मावते. एकही स्वर परका लागत नाही. साखळीत आणखी एक पाऊल टाकून एफ शार्पचे मायनर पेंटाटॉनिक घेतले, की पाचांत एक स्वर परका येतो. सी शार्पचे घेतले की दोन, जी शार्पचे घेतले की तीन, डी शार्पचे घेतले की चार. आणि शेवटी बी फ्लॅटचे घेतले, की पाचही परके! कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, शुद्ध नी: काफीने जे पाच स्वर दाराबाहेर ठेवले, नेमके तेच. घरातले सात आणि हे पाच मिळून बारा. ना एक जास्त, ना एक कमी.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्याला लोक अंदाधुंदी म्हणतात, तिच्यात एक-एक पायरीचा हिशेब आहे. किती बाहेर जायचे ते मोजून ठरवता येते. बी फ्लॅटचे पेंटाटॉनिक ए मायनरच्या आकृतीहून फक्त एक पडदा वर आहे. तेथे वादक पूर्णपणे बाहेर असतो. तीच आकृती एक पडदा खाली, जी शार्पवर नेली, तर बी आणि एफ शार्प हे दोन घरचे स्वर सोबत राहतात. म्हणजे एक पडदा वर जाणे आणि एक पडदा खाली जाणे या दोन सारख्या गोष्टी नाहीत. हा भेद किती शिकवण्यांत सांगितला जातो? 'वर-खाली कोठेही सरकव' एवढेच ज्याला सांगितले, त्याला आपण काय करतो आहोत हे कधी कळावे?

हे तंत्र गिटारवाल्यांनी आकाशातून काढले नाही. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेतील 'सो व्हॉट' या रचनेचे बत्तीस बार पाहावेत. पहिले सोळा डी डोरियनमध्ये, पुढचे आठ अर्ध्या स्वराने वर ई फ्लॅट डोरियनमध्ये, आणि शेवटचे आठ पुन्हा डीमध्ये. सारी रचनाच एक पडदा सरकते आणि घरी येते. त्या ध्वनिमुद्रिकेत वाजवणारे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी पुढे स्वतःचा चौकडा उभा केला. त्यात १९६० ते १९६५ या काळात पियानोवर मॅकॉय टायनर होते. टायनर डाव्या हाताने खर्जात मूळ स्वर आणि त्याचा पंचम घणासारखा ठोकत, आणि उजव्या हाताने पेंटाटॉनिकच्या लडी घराबाहेर नेत. खर्जातला तो ठोका म्हणजे जणू तानपुराच. तो होता म्हणून उजव्या हाताला मोकळीक होती. पुढे ट्रम्पेटवर वुडी शॉ यांनी ही वाट चोखाळली. १९८०च्या दशकाच्या आरंभी डेव्हिस यांच्याच ताफ्यात गिटार वाजवणारे माइक स्टर्न आणि जॉन स्कोफील्ड यांच्या वादनातही ही जा-ये पदोपदी ऐकू येते.

या साऱ्यांकडून निघणारा पहिला नियम असा: घर ऐकू येत असेल तरच बाहेर जाता येते. साथीला एकच कॉर्ड किंवा एकच खर्ज टिकून असेल, तर बाहेरचा सूर बाहेरचा म्हणून उमटतो. साथच डळमळीत असेल, तर श्रोत्याला फक्त चूक ऐकू येते. दुसरा नियम लयीचा. बाहेर जाताना लय अधिक घट्ट हवी, कारण स्वराचा आधार सुटला की कान लयीला धरून राहतो. तिसरा नियम पुनरुक्तीचा. घरात 'ए–सी–डी' असा छोटा तुकडा वाजवावा; तोच तुकडा, त्याच वजनाने, एक पडदा वर 'बी फ्लॅट–डी फ्लॅट–ई फ्लॅट' असा घ्यावा; आणि मग 'डी–सी–ए' असे उतरून घरी यावे. पहिला तुकडा श्रोत्याच्या मनात रुजला असल्यामुळे दुसरा त्याला चूक वाटत नाही, हेतू वाटतो. चौथा नियम वेळेचा. चार किंवा आठ बारांच्या वाक्याच्या अखेरीस, जेथे ताण हवाच असतो, तेथे एखादा-दुसरा बार बाहेर काढावा आणि पुढच्या वाक्याच्या पहिल्या मात्रेवर घरचा स्वर ठेवावा. आपल्या श्रोत्यांना हे समेवर येणे नवे नाही.

आणि पाचवी गोष्ट नियम नव्हे, देणगीच आहे. बी फ्लॅटच्या पेंटाटॉनिकचा प्रत्येक स्वर ए मायनर पेंटाटॉनिकच्या कोणत्या ना कोणत्या स्वराहून एकाच पडद्यावर असतो. बी फ्लॅटखाली ए, डी फ्लॅटखाली सी, ई फ्लॅटखाली डी, एफखाली ई, ए फ्लॅटखाली जी. कोठूनही परतायचे तर दार एका पावलावर. परंतु ज्याला घर कानाने ठाऊक नाही, त्याला एका पावलावरचे दारही सापडत नाही.

येथेच गिटार हे वाद्य फसवे ठरते. पियानोवर अर्धा स्वर सरकायचे तर बोटांची सारी मांडणी बदलावी लागते. पांढऱ्या पट्ट्यांवरून काळ्यांवर जावे लागते. बदल हाताला कळतो, म्हणून मनालाही कळतो. गिटारवर पाचव्या पडद्यावरचा हात सहाव्यावर ठेवला की काम भागते. आकृती तीच, बोटे तीच, कष्ट शून्य. जे विनासायास मिळते त्याची किंमत कळत नाही. मोबाइलवर मिळणाऱ्या धड्यांतही बहुधा हेच दाखवतात: रंगीत ठिपक्यांची आकृती, बाणाने ती सरकवायची, आणि खाली वेगाचा आकडा. कान कोठेच नाही. स्पर्धेतील परीक्षकांनीही बोटांच्या वेगालाच टाळ्या दिल्या, तर मुलांनी दुसरे काय करावे?

आता ज्येष्ठ श्रोत्यांकडे वळू. 'स्केलबाहेरचा सूर म्हणजे बेसूर. आमच्या वेळी असले काही नव्हते' असे म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे विचारतो: हिंदुस्थानी गायकीत राग क्षणभर झाकून टाकण्याला तिरोभाव आणि तो पुन्हा प्रकट करण्याला आविर्भाव म्हणतात, ते काय आहे? गवई रागाला काही क्षण आडोशाला नेतो, श्रोते मान पुढे करतात, आणि राग परत दिसला की तोंडातून 'वाहवा' निघते. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. रागगायनात षड्ज अढळ असतो आणि रागाचे नियम जागते असतात; येथे स्वरांचा सबंध गटच उचलून परक्या षड्जावर नेला जातो. पण श्रोत्याच्या मनात घडते ते पुष्कळसे सारखे: हरवल्याची हुरहुर आणि सापडल्याचा आनंद. बेसूर गाणाऱ्याला आपण चुकलो हे ठाऊक नसते. बाहेर जाणाऱ्याला आपण कोठे आहोत हे नेमके ठाऊक असते. फरक सुराचा नाही, जाणिवेचा आहे. हा फरक ज्याला करता येत नाही त्याने परीक्षकाच्या खुर्चीवर बसू नये. आणि हा फरक ज्याच्या वादनात ऐकू येत नाही त्याने आउटसाइडचा डौल मिरवू नये.

उपाय काय? तो नवा नाही, आपल्याच परंपरेत आहे. गोव्यातील पॅरिश शाळांत मुलांना आधी सोल्फेज्यो शिकवीत. वाद्य हाती येण्यापूर्वी स्वर तोंडाने नावासकट म्हणावा लागे. त्या शिस्तीतून तयार झालेले अनेक वादक मुंबईच्या जाझ ताफ्यांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मानाने वाजवीत होते. १९३६ साली मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांनी इंग्लंडमध्ये १९६९ साली जो हॅरियट यांच्यासह 'हम दोनो' ही ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा जाझ आणि हिंदुस्थानी स्वरविचार एका घरात नांदू शकतात हे तिकडच्या श्रोत्यांनी ऐकले. आकृत्या सरकवून एवढी मजल मारता येत नाही.

म्हणून शिक्षकांकडे आमची मागणी अशी. विद्यार्थ्याने एकच खर्ज चालू ठेवून पाच स्वर आधी गळ्याने म्हणावेत, मगच वाजवावेत. एका पेंटाटॉनिकमध्ये दोन मिनिटे, एकच वाक्य दोनदा न वाजवता, बोलता येईपर्यंत दुसरे स्केल देऊ नये. बाहेर नेताना आधी एफ शार्पची एका परक्या स्वराची पायरी द्यावी, मग दोनाची, मग तीनाची. बी फ्लॅट सर्वांत शेवटी. आणि प्रत्येक वेळी परतीचा स्वर विद्यार्थ्याने वाजवण्याआधी गाऊन दाखवावा. पालकांनीही शिकवणी लावताना 'किती गाणी बसवून घेता' एवढेच न विचारता 'कान कसा तयार करता' हे विचारावे. ज्या शिक्षकाला हा प्रश्न रुचत नाही, त्याची शिकवणी सोडावी. आपल्या महोत्सवांच्या आयोजकांनी स्पर्धेत एक फेरी अशी ठेवावी, की जीत साथीला एकच कॉर्ड असेल आणि वादकाला पाच स्वरांखेरीज काही दिलेले नसेल. कोणाकडे संगीत आहे आणि कोणाकडे नुसती बोटे आहेत, ते त्या फेरीत उघड होईल.

हे कठोर वाटेल; वाटू द्या. पाच स्वर ज्याच्या कंठात बसले, त्याला बारा स्वरांचे अंगण मोकळे आहे. ज्याच्या कंठात एकही बसला नाही, तो पाचव्या पडद्यावर असो की सहाव्या, बाहेर गेलेला नसतो. तो कधी घरातच आलेला नसतो.