अपडेट मारताय? डेटा कुठे ठेवलाय ते आधी बघा!

फोनवर अपडेट आलं की आपण काय करतो? रात्री चार्जिंगला लावतो, इन्स्टॉलवर टॅप करतो आणि झोपून जातो. सकाळी फोटो जागच्या जागी, चॅट जागच्या जागी. त्यामुळे अपडेट म्हणजे एका बोटाचं काम, असं आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय. पण परीक्षेचे फॉर्म, मार्क, फीच्या पावत्या ज्या डेटाबेस सर्व्हरवर असतात, तिथे ही सवय चांगलीच महागात पडू शकते. म्हणूनच मला वाटतं, डेटाबेस शिकणाऱ्या प्रत्येकाला क्वेरीइतकंच अपग्रेडही हाताने करायला लावलं पाहिजे.

भानगड नेमकी काय आहे? आजीचं स्वयंपाकघर आठवा. मांडणीवर ओळीने डबे, एकावरही लेबल नाही. कुठल्या डब्यात रवा आणि कुठल्यात वरई, हे फक्त आजीला ठाऊक. डेटाबेसचंही तसंच असतं. डिस्कवरच्या फाइल्स म्हणजे डबे आणि सर्व्हर सॉफ्टवेअर म्हणजे आजी. सॉफ्टवेअरचं मोठं व्हर्जन बदललं, की डब्यांची मांडणीही बदलू शकते. डबे भरलेले असतात, पण नव्या माणसाला ते ओळखता येत नाहीत.

पोस्टग्रेसचं उदाहरण घ्या. 16.1 वरून 16.2 वर जायचं असेल तर सॉफ्टवेअर बदला, सर्व्हर रीस्टार्ट करा, झालं. पण 15 वरून 16 वर जाताना जुनं डेटा फोल्डर नवा सर्व्हर उघडतच नाही. 'हे फोल्डर 15 ने बनवलंय, माझ्याशी जुळत नाही' अशा अर्थाचा मेसेज देऊन तो थांबतो. प्रोजेक्टसाठी डॉकर वापरणाऱ्यांना हे हमखास भेटतं. इमेजला 'लेटेस्ट' टॅग लावलेला असतो, एक दिवस नवी इमेज खाली येते आणि कंटेनर चालूच होत नाही. खरं तर डेटा तिथेच सुरक्षित असतो. पण सबमिशनच्या आदल्या रात्री घाबरून कुणी अख्खं व्हॉल्यूमच उडवलं, तर मात्र तो खरंच जातो.

यातून जायचे रस्ते आहेत. एक म्हणजे सगळा डेटा डंप करून बाहेर काढायचा आणि नव्या घरात भरायचा. वेळ लागतो, पण काम सुटसुटीत. दुसरा म्हणजे पीजी-अपग्रेड हे टूल. ते फाइल्सची कॉपी करतं तेव्हा डिस्कवर जवळपास दुप्पट जागा लागते. लिंक मोडमध्ये कॉपी न करता तेच काम झटपट होतं, पण नवा सर्व्हर एकदा चालू केला, की जुना पुन्हा सुरक्षितपणे वापरता येत नाही. मायएसक्यूएलमध्येही 2018 साली आलेल्या 8.0 ने टेबलांची माहिती ठेवायच्या जुन्या एफआरएम फाइल्स काढून टाकल्या. 5.7 वरून 8.0 वर जाता येतं, पण त्याच फाइल्स घेऊन 5.7 वर परत येता येत नाही. परतीचं तिकीट म्हणजे आधी घेतलेला बॅकअप.

आता तो बॅकअप तरी चालतो का? 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबमध्ये दुरुस्ती करताना एका इंजिनीअरने चुकून मुख्य सर्व्हरचंच डेटा फोल्डर उडवलं. सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले तर तोही नव्हता. सर्व्हर होता पोस्टग्रेस 9.6 आणि बॅकअप घेणारं टूल चालत होतं 9.2 चं. व्हर्जन जुळत नसल्यामुळे बॅकअप फेल व्हायचा आणि फेल झाल्याचे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. तरीही सुमारे 5,000 प्रोजेक्ट, 5,000 कमेंट आणि 700 नवी खाती यांना फटका बसला. कंपनीने हे सगळं जगासमोर मांडलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. त्यासाठी त्यांना सलाम.

'मग अपडेट करूच नये. चालतंय ना, कशाला हात लावा?' हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. मला ते पटत नाही. पोस्टग्रेसच्या एका मोठ्या व्हर्जनला पाच वर्षं सपोर्ट मिळतो, मायएसक्यूएल 5.7 चा सपोर्ट ऑक्टोबर 2023 मध्ये संपला. त्यानंतर सिक्युरिटीचं भोक सापडलं, तर ते बुजवणार कोण? शिवाय जितका उशीर, तितकी उडी मोठी. मायएसक्यूएल 5.6 वरून थेट 8.0 वर जाता येत नाही, मध्ये 5.7 वर थांबावंच लागतं.

म्हणून मागणी एवढीच, की डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलमध्ये एक प्रयोग वाढवा. जुन्या व्हर्जनवर दहा हजार ओळींचं टेबल बनवा, डिस्कवर जागा किती आहे ते मोजा, बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा, मग अपग्रेड करा. ओळी मोजा. शेवटी जुन्या व्हर्जनवर परत येऊन दाखवा. लॅबमधल्या खोट्या डेटावर हात भाजला तर बिघडत नाही. पहिल्या नोकरीत समोर हजारो लोकांचा खरा डेटा असेल.

आणि जे आयटीवाले नाहीत, त्यांनीही एक प्रश्न लक्षात ठेवा. रिझल्टच्या पोर्टलवर 'मेंटेनन्स चालू आहे' अशी पाटी दिसली, की 'कधी सुरू होणार?' हे आपण विचारतोच. त्यासोबत हेही विचारा: तुमचा बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिलात?