नंबर प्लेट नाकारणारे 'सार्वभौम' आणि आपण

मागच्या महिन्यात विहारातला रविवारचा अभ्यासवर्ग संपल्यावर एका पोराने मोबाईल माझ्यापुढे धरला. अमेरिकेतला व्हिडिओ होता. गाडी रस्त्याच्या कडेला उभी, पोलीस लायसन्स मागतोय आणि आतला माणूस काच बोटभर खाली करून सांगतोय, "मी ड्रायव्हिंग करत नाही, मी प्रवास करतोय." गाडीला सरकारी नंबर नाही. त्या जागी घरीच बनवलेली पाटी: 'खाजगी, व्यापारी वापरासाठी नाही'. बराच वेळ वाद चालतो, शेवटी पोलीस काच फोडतो आणि त्याला ओढून बाहेर काढतो. सगळी पोरं हसत होती, मीही हसले. ज्याच्या हातात मोबाईल होता तो मात्र हसत नव्हता. "ताई, पण त्याचं चुकलं काय? आपल्याही संविधानात देशभर मुक्तपणे फिरायचा हक्क आहे ना? मग आरटीओ मध्ये कुठून आलं?" त्याच आठवड्यात त्याच्या दुचाकीवर चलान पडलं होतं, हे मला नंतर कळलं.

प्रश्न टिंगल करून सोडण्यासारखा नाही. संविधानाचं नाव घेऊन विचारलेला प्रश्न आपण तरी टाळू नये.

हे जे लोक आहेत त्यांना अमेरिकेत 'सॉव्हरिन सिटिझन', म्हणजे सार्वभौम नागरिक म्हणतात. यांची एक संघटना नाही, एक पुढारी नाही. आहे ती एक समजूत, आणि ती विकणारे गुरू. समजूत अशी की खरा कायदा लपवून ठेवला आहे, आत्ताचं सरकार ही एक कंपनी आहे आणि नेमके शब्द उच्चारले, नेमका कागद सादर केला की माणूस तिच्या ताब्यातून सुटतो. १९३३ साली अमेरिकेने सोन्याशी असलेला चलनाचा संबंध तोडला, तेव्हा सरकारने नागरिकांचे जन्मदाखलेच तारण ठेवले, असं ते सांगतात. कागदपत्रांवर आपलं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ना, ते म्हणे आपलं नावच नव्हे, तो आपल्या नावाने उभा केलेला कागदी पुतळा. कर, कर्ज आणि चलान त्या पुतळ्यावर, आपल्यावर नाही. आपल्याकडे भूत उतरवायला मंत्र म्हणतात, तिथे व्यापारी कायद्यातलं कलम म्हणतात. पाटीवर, सहीखाली, जिथे जागा मिळेल तिथे त्या कलमाचा आकडा लिहितात.

गाडीच्या बाबतीत त्यांचा युक्तिवाद शब्दकोशातून निघतो. जुन्या कायदेकोशांत 'ड्रायव्हर' म्हणजे भाड्याने गाडी हाकणारा असा अर्थ सापडतो. मग जो भाडं घेत नाही तो ड्रायव्हर नाही, त्याची गाडी 'मोटार वाहन' नाही, त्याला लायसन्स नको, नोंदणी नको, विमाही नको. याला आधार म्हणून ते केंद्रीय फौजदारी कायद्यातली एक व्याख्या दाखवतात. तिच्यात मोटार वाहन म्हणजे व्यापारी कामासाठी वापरलेलं वाहन असं खरोखरच लिहिलं आहे. फक्त ती व्याख्या विमानं आणि वाहनं नष्ट करण्याच्या गुन्ह्यांपुरती आहे, गाडीच्या नोंदणीशी तिचा काडीचाही संबंध नाही. नोंदणी हा तिथे राज्यांचा विषय आहे.

त्यांचा सर्वात लाडका निकाल व्हर्जिनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा, १९३० सालचा, थॉम्पसन विरुद्ध स्मिथ. सार्वजनिक रस्त्यावरून मोटारीने जाणं ही शहराने मर्जीप्रमाणे बंद करावी अशी सवलत नसून नागरिकाचा हक्क आहे, असं त्यात म्हटलं आहे. हे वाक्य त्यांच्या प्रत्येक पुस्तिकेत असतं. त्याच निकालात पुढे असंही आहे की सर्वांना सारखे लागू होणारे नियम करून शहर गाडी चालवण्याचे परवाने देऊ शकतं, नाकारू शकतं आणि रद्दही करू शकतं. हे वाक्य पुस्तिकेत नसतं. त्याआधीच, १९१५ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेंड्रिक विरुद्ध मेरीलँड या खटल्यात प्रश्न निकाली काढला होता. वॉशिंग्टनचा एक रहिवासी मेरीलँडमध्ये त्या राज्याच्या नोंदणीशिवाय गाडी घेऊन गेला, त्याला दंड झाला, तो वरपर्यंत भांडला आणि हरला. मोटार ही रस्त्यावरच्या इतरांसाठी धोक्याची वस्तू आहे, तेव्हा राज्य नोंदणी आणि परवाना मागू शकतं, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे हा वाद शंभर वर्षांपूर्वी संपला आहे, आणि लोक अजून काचा फोडून घेत आहेत.

अर्धं वाक्य उचलण्याची ही खोड आपल्याला नवी नाही. 'आंबेडकरच म्हणाले होते, मी संविधान जाळीन', हे वर्षातून दोनदा तरी कुणीतरी आपल्या तोंडावर फेकतं. १९५३ सालचं राज्यसभेतलं ते विधान खरं आहे. पण १९५५ साली त्याच सभागृहात बाबासाहेबांनी त्याचा खुलासाही केला होता: देवासाठी मंदिर बांधलं आणि देव बसण्याआधीच त्यात राक्षस शिरले, तर करायचं काय? हा खुलासा फॉरवर्डमध्ये येत नाही. अर्धवट वाचनाचा मार आपण इतका खाल्ला आहे की दुसऱ्याचं अर्धवट वाचन आपल्याला लांबूनच ओळखू यायला हवं.

पण मला या प्रकरणात खरं डाचतं ते वेगळंच आहे. ही समजूत आली कुठून?

विल्यम पॉटर गेल नावाचा एक माजी लष्करी अधिकारी होता. ज्यू हे सैतानाची संतती आणि गोरे हेच देवाचे निवडलेले लोक, असं सांगणाऱ्या 'ख्रिश्चन आयडेंटिटी' पंथाचा तो प्रचारक. १९७०च्या आसपास त्याच्यासारख्यांनी 'पॉसी कॉमिटेटस' ही चळवळ पसरवली. काउंटीच्या शेरीफच्या वर कोणतीही सत्ता नाही, केंद्र सरकार बेकायदेशीर आहे, हा तिचा गाभा. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या मध्य भागातले शेतकरी कर्जात बुडाले, जमिनी लिलावात निघाल्या, तेव्हा हिच्या प्रचारकांना गावोगाव श्रोते मिळाले. कर्जबाजारी शेतकऱ्याला कुणी सांगितलं की तुझं कर्जच खोटं आहे, तर तो ऐकणारच. आपल्या विदर्भात, मराठवाड्यात असा कागद कुणी विकायला आणला तर तोही खपेल.

या मंडळींच्या मते अमेरिकेत नागरिक दोन प्रकारचे. पहिले मूळ नागरिक, ज्यांना हक्क थेट देवाकडून मिळाले, म्हणजे गोरे. दुसरे 'चौदाव्या दुरुस्तीचे नागरिक', ज्यांना नागरिकत्व सरकारने दिलं, आणि म्हणून ते सरकारचे बांधील. ही चौदावी दुरुस्ती कोणती? १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. त्यानंतर यादवी युद्ध झालं, गुलामगिरी संपली आणि १८६८ साली या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिताना मूलभूत हक्कांच्या मसुद्याचा एक आधार म्हणून हीच दुरुस्ती घेतली होती. आपल्या कलम १४ मधलं 'कायद्याचं समान संरक्षण' तिथलंच.

आता जोडा. नंबर प्लेट आणि लायसन्स घेणं म्हणजे आपण चौदाव्या दुरुस्तीचे नागरिक आहोत हे मान्य करणं, म्हणून ते घ्यायचं नाही. म्हणजे त्या पाटीविना फिरणाऱ्या गाडीचा मूळ अर्थ 'मी स्वतंत्र आहे' इतकाच नव्हता. 'मी त्यांच्यातला नाही' असा होता. ज्यांना संविधानाने माणूस केलं ते खालचे, आणि जन्मानेच वर असलेले आम्ही कायद्याच्या बाहेर. मित्रांनो, हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे त्याला भूदेव म्हणत. एकाच गुन्ह्याला इतरांना देहदंड आणि याला नुसतं मुंडण, असा कायदा त्याच्यासाठी लिहून ठेवला होता. जन्माने मिळालेल्या सार्वभौमत्वाचा हक्क सांगणारा तिथे गाडीत बसतो, इथे पाटावर बसायचा, एवढाच फरक.

आणि तरीही आज या समजुतीचे अनेक अनुयायी काळे आहेत. हे वाचलं तेव्हा मी थबकलेच. नोबल ड्रू अली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'मूरिश सायन्स टेंपल' हा धर्मपंथ काढला. आपण 'निग्रो' नसून मूर आहोत, आपल्याला स्वतःचं नाव आणि राष्ट्रीयत्व आहे, हा त्यांचा उपदेश. दिलेलं नाव फेकून नवीन ओळख घेण्याची ही तहान आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्यांनी अनुयायांना ओळखपत्रं दिली, पण कायदा पाळायलाही सांगितलं. पुढे काही गटांनी त्याच ओळखीला गोऱ्या वर्चस्ववाद्यांची कायदेशीर जादू जोडली. अमेरिका आणि मोरोक्को यांच्यातला १७८६चा तह पुढे करून आम्हाला इथला कायदा लागू नाही, असं ते म्हणू लागले. मूळ टेंपलने या लोकांपासून हात झटकले आहेत. जुलै २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये वेकफील्डजवळच्या महामार्गावर अशाच एका सशस्त्र गटाला पोलिसांनी मध्यरात्रीनंतर हटकलं. कित्येक तास रस्ता बंद राहिला आणि ११ जणांना अटक झाली.

ज्या सिद्धांताने तुम्हाला माणसातून वगळलं तोच तुम्ही ढाल म्हणून का उचलता, असं त्यांना विचारावंसं वाटतं. पण आधी रस्त्यावर काय होतं ते बघायला हवं. फर्ग्युसन शहराच्या पोलिसांबद्दल अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१५ साली अहवाल दिला. शहरात काळे ६७ टक्के, पण पोलिसांनी थांबवलेल्या वाहनचालकांत ८५ टक्के, चलानांत ९० टक्के आणि अटकांत ९३ टक्के. दंडाची वसुली हे शहराच्या उत्पन्नाचं साधन झालं होतं. त्याच वर्षी टेक्सासमध्ये सँड्रा ब्लँडला लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून थांबवलं आणि तीन दिवसांनी ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. २०१६ साली मिनेसोटात गोळी घालून मारला गेलेला फिलँडो कॅस्टील त्याआधीच्या वर्षांत ४० हून अधिक वेळा वाहतूक पोलिसांच्या तावडीत सापडला होता. अशा माणसाला कुणी सांगितलं की हे तीन शब्द म्हण, पोलीस तुला हात लावणार नाही, तर तो शंभर डॉलर देऊन ते शब्द विकत घेईल. मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. विकणाऱ्याला मात्र चोर म्हणेन. गुरू फी घेतो आणि फुटलेली काच, जप्त गाडी, तुरुंग शिष्याच्या वाट्याला येतो. कधी शिष्य तर कधी गुरूच बंदूक काढतो. मे २०१० मध्ये आर्कान्सामधल्या वेस्ट मेम्फिस इथे, कर्ज बुडवण्याचे असे वर्ग घेणाऱ्या एका बापाला त्याच्या १६ वर्षांच्या मुलासह पोलिसांनी थांबवलं. त्या थांब्यात दोन पोलीस मारले गेले आणि त्याच दिवशी ते बापलेकही. कॅनडात अल्बर्टाच्या न्यायालयाने २०१२ साली, एका घटस्फोटाच्या प्रकरणात, या सगळ्या क्लृप्त्यांची सविस्तर चिरफाड केली. धंदा थांबलेला नाही.

फर्ग्युसनचा तो अहवाल मात्र मंत्राने आला नाही. लोक रस्त्यावर उतरले, तक्रारी झाल्या, आकडे मांडले गेले आणि चौदाव्या दुरुस्तीचाच आधार घेऊन न्याय विभागाने सांगितलं की इथे भेदभाव होतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सनदशीर मार्ग उपलब्ध असताना इतर मार्गांना अराजक का म्हटलं, ते या दोन काळ्या माणसांकडे पाहून कळतं: एक तक्रार नोंदवणारा, एक पाटी काढून टाकणारा. दोघांचा राग एकच आहे.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. कलम १९(१)(ड) फिरण्याचा हक्क देतं. त्याच कलमाचं पोटकलम ५ सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालायला मुभा देतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. इथवर कायदा झाला. पण 'जनतेचं हित' म्हणजे नेमकं कुणाचं?

आमच्या वस्तीतली एक सफाई कामगार बाई. पहाटे साडेपाचला रस्ता झाडताना एका चारचाकीने तिला उडवलं आणि गाडी थांबली नाही. पाय दोन ठिकाणी मोडला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने शेवटचे चार आकडे आणि गाडीचा रंग लक्षात ठेवला, सिगारेटच्या पाकिटावर लिहून ठेवला. त्या चार आकड्यांवरून मालक सापडला, विमा सापडला, अपघात दावा न्यायाधिकरणात केस उभी राहिली. गाडी सापडली नसती तर 'हिट अँड रन'ची ठरलेली भरपाई: गंभीर इजेला ५० हजार, मृत्यूला दोन लाख. तिची कमाई किती, पुढे काम करता येईल का, घरात खाणारी तोंडं किती, यातलं काहीही त्यात विचारलं जात नाही. नंबर प्लेट गाडीवाल्याला जाच वाटते. पायी चालणाऱ्याकडे, फुटपाथवर झोपणाऱ्याकडे, हातगाडी ढकलणाऱ्याकडे त्या गाडीविरुद्ध तेवढा एकच पुरावा असतो. आणि रस्त्यावर पायी कोण असतं, हे मी या वाचकांना सांगायला नको.

म्हणून आपल्या पोरांच्या हौशी पाट्यांबद्दलही थोडं बोलते, राग आला तरी चालेल. इतर जातींची पोरं नंबरच्या जागी जातीचं नाव मिरवतात म्हणून आपणही आकडे इतके बारीक करायचे की 'जय भीम' मोठं दिसावं, हे मला पटत नाही. 'जय भीम' काचेवर लिहा, टाकीवर लिहा, कायद्यात बसेल तिथे लिहा. ते पाहून पोलीस मुद्दाम अडवत असेल, शेजारच्या दुसऱ्या स्टिकरवाल्याला सोडून तुम्हालाच थांबवत असेल, तर तारीख, वेळ, चौक, बिल्ला नंबर लिहून ठेवा आणि आणून द्या. असे पन्नास कागद जमले की त्यांचं काय करायचं ते आपल्याला माहीत आहे.

पोराने कलम १९ उघडून पोटकलम ५ दोनदा वाचलं. मग म्हणाला, "ताई, म्हणजे चलान भरावंच लागणार."

"कशाचं आहे?"

"मागची प्लेट. नंबर दिसत नव्हता म्हणे."

"दिसत होता का?"

तो हसला. पुढच्या रविवारी त्याने गाडी विहाराच्या दारात लावली, मागे नवी पाटी होती. जुनी त्याने खोलीत भिंतीला टांगली आहे, असं त्याच्या बहिणीकडून कळलं.