घरचा फॉल्ट आणि माझ्या खिशातला ओटीपी

चार दिवसांनी पोस्टवरून खाली उतरलो आणि वळणावर मोबाईलला रेंज आली. अरुणाचलात हे नेहमीचंच. खिशातला फोन एकदम थरथरायला लागतो आणि चार दिवसांचं घर एका मिनिटात समोर येतं. या वेळी पहिला मेसेज होता, "आपल्या तक्रारीसाठी प्रतिनिधी निघाला आहे." मग ओटीपी. मग दुसरा ओटीपी. मग, "ग्राहकाशी संपर्क होऊ न शकल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे." आणि शेवटी बायकोचा मेसेज, "अहो, नेट चार दिवस बंद आहे. दिदीची टेस्ट अर्धवट राहिली. खाली आलात की फोन करा."

माझं कुटुंब जबलपूरला भाड्याच्या घरात राहतं, मुलीच्या बारावीसाठी. तिचे क्लास आणि टेस्ट सगळं ऑनलाईन. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तिने तीन दिवस काढले, चौथ्या दिवशी टेस्ट चालू असतानाच दिवसाचा डेटा संपला.

फोनवर चौकशी केली तेव्हा सगळा प्रकार कळला. घरात कपाट सरकवलं होतं. फायबरची बारीक वायर कपाटामागे दुमडली. डब्यावरचा एलओएसचा दिवा लाल लुकलुकायला लागला. बायकोने डबा बंद-चालू केला, कारण कस्टमर केअरने तेच सांगितलं. दिवा तसाच. शेजारचा मुलगा मदतीला आला. त्याने मागच्या छोट्या भोकात पिन घालून रीसेट दाबलं. आता दोन फॉल्ट झाले. फायबर दुमडलेलं होतंच, शिवाय डब्यातलं युजरनेम-पासवर्डचं सेटिंगही पुसलं गेलं. टेक्निशियन आला तेव्हा काम सुरू करायला ओटीपी हवा होता, आणि ओटीपी जात होता माझ्या फोनवर. माझा फोन डोंगरावर, रेंजच्या बाहेर. तो परत गेला.

मी सिग्नल्सचा माणूस. जबलपूरच्याच १ सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकलो. आमच्या कोरचं ब्रीद 'तीव्र चौकस'. दुसऱ्यांच्या लाईनी जोडण्यात नोकरी गेली आणि स्वतःच्या घरची लाईन माझ्यामुळे अडकली. कंपनीला शिव्या देणं सोपं होतं. पण प्रामाणिकपणे बघितलं तर त्या चार दिवसांतले तीन दिवस माझ्या खात्यावर जातात.

आमच्या उस्तादांनी लाईन फॉल्टचं एक तत्त्व डोक्यात पक्कं बसवलं होतं. लाईन तुटली की टोकापासून चालत सुटायचं नाही. मधे कुठेतरी टेस्ट करायची. मागे एक्सचेंजला आवाज जातोय? मग फॉल्ट पुढे. जात नाही? मग मागे. पुन्हा उरलेल्याचे दोन भाग करायचे. आणि दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी बदलल्या की कशामुळे बिघडलं आणि कशामुळे सुधारलं, दोन्ही कळत नाही.

घरच्या नेटलाही हेच लागू पडतं. पहिला प्रश्न, एकाच फोनवर बंद आहे की सगळ्यांवर? एकावरच असेल तर डब्याला हात लावू नका, त्या फोनचं वाय-फाय बंद करून चालू करा. सगळ्यांवर बंद असेल तर दिवे बघा. पॉवरचाच दिवा नाही? अ‍ॅडॅप्टर आणि स्विच बघा. एलओएस लाल? प्रकाश घरापर्यंत येत नाही. वायर कुठे दुमडली, दबली, डब्यामागून सैल झाली का, एवढं बघायचं. फायबरच्या उघड्या टोकात डोकावायचं नाही, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण असतो. पॉनचा दिवा हिरवा स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा लाल आहे किंवा बंद आहे? वायर ठीक, बिघाड लॉगिनमध्ये किंवा कंपनीकडे. सगळे दिवे ठीक, तरी फोनवर काही उघडत नाही? डब्याच्या जवळ जाऊन बघा. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान असतं पण भिंतीपुढे दमतं, मागच्या खोलीत २.४ वालं जोडा. बंद-चालू एकदा करायचं, दोन मिनिटं थांबायचं. रीसेट कधीच नाही.

हे सगळं मला वीस वर्षं येतं. बायकोला का येत नव्हतं? कारण मी कधी सांगितलंच नाही. सुट्टीवर गेलो की मीच डबा बघायचो, मीच फोन लावायचो, मीच शेरेबाजी करायचो, "तू राहू दे, तुला नाही कळणार." आपण फौजी हे फार करतो. गॅसचं कार्ड, बँकेचं खातं, विजेचं बिल, नेट, सगळ्यावर आपला नंबर. घरात राहतो वर्षातले दोन-तीन महिने. त्याला आपण जबाबदारी म्हणतो. मला आता वाटतं, ती जबाबदारी नसून अडवणूक आहे. पोस्टवर संत्रीला रायफल द्यायची आणि मॅगझिन आपल्या खिशात ठेवायचं, असा प्रकार.

युनिटमधल्या एका मित्राचं मत वेगळं. तो म्हणाला, ओटीपी आपल्याकडे असलेला बरा, घरच्यांना कोणी फसवलं तर? भीती खरी आहे. नेटवर शोधलेल्या कस्टमर केअरच्या नंबरांत ठगांचे नंबर असतात. पण त्यावर उपाय माहिती देणं हा आहे. नंबर बिलावरचाच लावायचा. ओटीपी दारात उभ्या असलेल्या, आपणच बोलावलेल्या माणसाला, काम बघून द्यायचा. फोनवर कोणालाही नाही. एवढं सांगितलेली बाई काहीच न सांगितलेल्या बाईपेक्षा जास्त सुरक्षित असते.

कंपनीचीही चूक आहेच. घरी टेक्निशियन येऊन गेला असताना "संपर्क होऊ शकला नाही" लिहून तक्रार बंद करणं बरोबर नाही. अशा वेळी गप्प बसायचं नाही. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर मिळायला हवा, आणि निवारण पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याची फी नाही. पण त्यासाठी डॉकेट नंबर घरात लिहिलेला हवा, हिमालयात बंद पडलेल्या फोनमध्ये नको.

शेवटी मी खाली होतो त्या दोन दिवसांत काम झालं. टेक्निशियनने मीटर लावला, उणे ३१ डीबीएम. अशा डब्याला साधारण उणे २७ पर्यंतचा प्रकाश लागतो. दुमडलेला तुकडा कापून नवीन कनेक्टर लावला, उणे २१ आलं. दहा मिनिटांचं काम. रीसेटने पुसलेलं सेटिंग परत भरायला मात्र अर्धा दिवस गेला, कारण त्याची विनंतीही माझ्याच नंबरावरून जायला हवी होती.

परत वर जाण्याआधी एक केलं. कनेक्शनचा रजिस्टर्ड नंबर बदलून बायकोचा लावला. त्याचाही ओटीपी माझ्याकडेच आला, म्हणून सांगतो, हे काम सुट्टीत किंवा रेंजमध्ये असतानाच उरका. आणि वरचे प्रश्न मी फोनवर सांगितले, तिने कागदावर लिहून डब्याशेजारी भिंतीला चिकटवले. ग्राहक क्रमांक आणि बिलावरचा फोन नंबरही त्याच कागदावर.

परवा पुन्हा खाली उतरलो. तिचा मेसेज होता, "मंगळवारी एलओएस लाल. वायर बघितली, घरात ठीक. रीसेट केलं नाही. तक्रार केली, नंबर लिहून ठेवला. रस्त्यावर खोदकामात केबल तुटली होती, बुधवारी जोडली. दिदीची टेस्ट झाली. तुम्ही जेवलात का?"

मला करायला काहीच उरलं नव्हतं. जेवलो म्हणून कळवलं.

जय हिंद.