परदेशी क्लायंटनं आपल्याशी केलं, तेच आपण पोरांशी करायचं का?

या आठवड्याच्या व्हिडिओत परदेशी क्लायंटच्या ॲग्रीमेंटबद्दल बोललो. त्यातला एक मुद्दा घाईत राहून गेला, तो इथं सविस्तर लिहितोय.

नेसरीतला एक पोरगा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात जुनं ॲग्रीमेंट घेऊन आला. घरच्या माडीवर बसून तो परदेशातल्या एका कंपनीसाठी व्हिडिओ एडिटिंग करायचा. दोन वर्षं काम चाललं आणि एका मेलवर बंद झालं. नोटीस नाही, वर शेवटच्या महिन्याचे पैसे अडकले. "दादा, लेबर ऑफिसला जाता येईल का?" मी कागद वाचला. पहिल्याच पानावर होतं, स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर, नोकर नाही. वाद झाला तर निवाडा त्यांच्या देशात, त्यांच्या कायद्यानं.

आता बघा, 'कॉन्ट्रॅक्टर' लिहिलं म्हणून आपली कोर्टं ते मान्य करतातच असं नाही. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांना नोकर ठरवलं. मशीन दुकानाचं, काम पसंत नसेल तर परत करायचा हक्क मालकाचा. कोर्टानं प्रत्यक्ष कामाची पद्धत पाहिली.

पण त्या शिंप्यांचा मालक समोर होता. तुमच्या क्लायंटचं भारतात ऑफिसच नसेल तर नोटीस बजावायची कुणावर? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की परदेशी कामात कामगार कायद्याच्या भरवशावर राहू नका. सही करताना दुकानदार व्हा.

१. काम बंद करायचं तर दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस लिहून घ्या.
२. बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे आणि बँकेचा खर्च कुणाचा, हे आधीच ठरवा. नवीन क्लायंट असेल तर थोडा ॲडव्हान्स मागाच.
३. पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी, विमा यातलं काही मिळणार नाही. ते तुमच्या दरात धरा. महिन्याला येतात ते पैसे म्हणजे पगार नव्हे, तो गल्ला आहे.
४. "काम संपल्यावरही दुसऱ्याकडे असंच काम करायचं नाही" ही अट दिसली तर घाबरू नका, पण काढून घ्या. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अशी अट सहसा टिकत नाही. मात्र करार परदेशी कायद्याखाली असेल तर उगाच डोकेदुखी.

आता राहून गेलेला मुद्दा. या पोरानं हाताखाली गावातलीच दोन पोरं ठेवली होती. रोज येणारी, त्याच्याच कॉम्प्युटरवर बसणारी. कागद काही नाही. क्लायंट गेल्यावर त्यानं त्यांना सांगितलं, "मलाच पैसे आले नाहीत, तुम्हाला कुठून देऊ?"

मंडळी, इथं तो कॉन्ट्रॅक्टर नाही, मालक आहे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि ती एक माणूस कामाला असला तरी लागू होते. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि कामावरून काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता. क्लायंटनं थकवलं ही सबब चालत नाही.

मी हे त्याला सांगितलं आणि मग माझंच मला वाटलं. माझ्या दुकानातल्या पोराला तरी मी कुठं कागद दिला होता? दुसऱ्याच दिवशी दिला. एक पान पुरतं. काम काय, पगार किती, कधी मिळणार, सुट्टी कोणती, नोटीस किती.

परदेशातला मालक आपल्याला दिसत नाही, पण आपल्या पोरांना आपण रोज दिसतो. क्लायंटकडून जो कागद मागताय, तो आधी तुमच्या माणसाला द्या. मोठ्या रकमेचं ॲग्रीमेंट असेल तर सहीआधी वकिलाला आणि सीएला दाखवा. ती फी वाया जात नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर तुमचं ॲग्रीमेंट कपाटातून काढून एकदा वाचा!