इब्न बतूता पुन्हा नंदुरबारला आला तर उतरेल कुठे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीचे एक सद्गृहस्थ मोरोक्कोला जाऊन आले. उमऱ्याला जाणारे आमच्या तालुक्यात पुष्कळ. मोरोक्कोला जाणारे हेच पहिले. त्यामुळे इशाच्या नमाजनंतर त्यांच्या ओट्यावर आठ-दहा दिवस मैफल भरत होती. आम्हीही गेलो. मोबाईलवर फोटो दाखवले गेले. फेझ शहराची जुनी वस्ती, मोटार सोडाच पण रिक्षाही शिरणार नाही अशा गल्ल्या, सामान गाढवावर लादून नेणारा माणूस, आणि एका कोऱ्या, बिनखिडकीच्या भिंतीतले बुटके दार. दार उघडले की मधोमध अंगण, अंगणात कारंजे, चारी बाजूंनी खोल्या, भिंतींवर रंगीत फरशीच्या तुकड्यांची नक्षी आणि वर मोकळे आकाश. याला तिकडे रियाद म्हणतात. हे गृहस्थ तिथे चार रात्री उतरले होते. पुदिन्याचा चहा, गच्चीवर नाश्ता, निघताना मालकाने छातीवर हात ठेवून केलेला सलाम. "सर, मेहमाननवाजी देखनी हो तो वहाँ जाओ," ते आम्हाला म्हणाले, "अपने यहाँ किसी को मुसाफिर की कद्रच नहीं."

हे वाक्य ऐकून आम्ही गप्प बसलो. मास्तरकीत गप्प बसण्याची सवय राहत नाही, तरी बसलो. कारण हे गृहस्थ आमच्या जिल्ह्यातल्याच एका गावच्या ट्रस्टचे पदाधिकारी आहेत. त्या ट्रस्टची स्टेशनच्या वाटेवरची इमारत पूर्वी मुसाफिरखाना होती. आज तिथे खाली नऊ गाळे आहेत आणि वर शादीचा हॉल. जिन्याच्या तोंडाशी चुन्याच्या थराखाली 'मुसाफिरखाना' ही उर्दू अक्षरे अजून दिसतात. आमच्या पाचवीच्या मुलांना ती वाचता येतात आणि ती विचारतात, "सर, मुसाफिर कहाँ ठहरते हैं?" त्यांना उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

मोरोक्कोचा आणि आमचा संबंध काही आजचा नाही, हे त्या मैफलीत कोणालाच आठवले नाही. 1304 साली तँजिअरला जन्मलेला इब्न बतूता मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत काझी होता. सुलतानाचा वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे निघालेला हा माणूस 1342 च्या सुमारास दौलताबादहून नंदुरबारला आला आणि इथून पुढे खंबायतला गेला. आपल्या सफरनाम्यात त्याने नंदुरबारला जागा दिली आहे. गाव लहान, वस्ती मराठ्यांची. कारागिरीत हे लोक हुशार, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी चांगले. जेवण भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल. जनावरांना त्रास देणे त्यांना आवडत नाही. नात्यात सात पिढ्यांच्या आत लग्न करीत नाहीत. दारू पीत नाहीत, आणि मुसलमान प्याला तर त्याला ऐंशी फटके आणि तीन महिने कोठडी. (आज ही शिक्षा लागू केली तर आमच्या काही मोहल्ल्यांत जनाज्याला खांदा द्यायला माणसे कमी पडतील, असो.) नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. त्याच्या साडेसहाशे वर्षे आधी एका मोरोक्कन मुसाफिराने त्याची नोंद करून ठेवली आहे. आणि आमच्या मुलांच्या पुस्तकात नंदुरबार कुठे येते? मिरचीत.

बरे, हा इब्न बतूता रियादमध्ये उतरत होता का? नाही. रियाद म्हणजे बाग असलेले श्रीमंताचे राहते घर. मुसाफिराची जागा होती फंदुक, म्हणजे आपली सराय. खाली जनावरे आणि माल, वर माणसे. आणि दुसरी जागा जाविया, म्हणजे खानकाह, जिथे पैसा विचारलाच जात नसे. आज फेझमधल्या नज्जारीन फंदुकात लाकडी कारागिरीचे म्युझियम आहे आणि श्रीमंतांच्या घरांची हॉटेले झाली आहेत. फेझची जुनी वस्ती 1981 साली आणि मराकेशची 1985 साली जागतिक वारशाच्या यादीत आली. नंतर युरोपातल्या लोकांनी तिथली पुष्कळ घरे विकत घेऊन सजवली. त्यांचे भाडे पर्यटकाचा खिसा पाहून ठरते. तो छातीवर हात ठेवून केलेला सलाम आम्ही खोटा म्हणत नाही. तेवढेच म्हणतो की त्याची पावती मिळते. पैसे देऊन झालेल्या सरबराईला धंदा म्हणावे. धंदा हलालच आहे. पण त्याला मेहमाननवाजी म्हणून आपल्या गावाला कमी लेखायचे कारण नाही.

आणि त्या बांधणीचे तरी एवढे नवल कशाला? रस्त्याकडे कोरी भिंत, आत चौक, चौकाभोवती खोल्या, बायकांना आडपडदा आणि तरी मोकळी हवा, उन्हाळ्यात वर झोपायला गच्ची. हे आपल्या खानदेशी वाड्याचे वर्णन नाही काय? धाब्याच्या घरात ज्याने मे महिना काढला आहे त्याला मातीची जाड भिंत काय करते हे फेझला जाऊन शिकावे लागत नाही. फरक एवढाच की तिकडे जुने घर पाडणे लोकांना जड जाते आणि इकडे स्लॅब टाकल्याशिवाय इज्जत राहत नाही.

मुसाफिर हा शब्द आम्हाला किती जवळचा आहे! जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना द्यायची, त्यांत शेवटचा इब्नुस्सबील, म्हणजे वाटेचा लेक. औरंगाबादची पाणचक्की पाहायला शाळेच्या सहली जातात. ती चक्की कोणासाठी फिरत होती? बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहत येणाऱ्या फकिरांच्या, वाटसरूंच्या आणि शागिर्दांच्या पिठासाठी. बाबांच्या नावातच मुसाफिर आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात आमच्या आजोबांच्या पिढीतले हाजी जहाजाची वाट पाहत पडून राहत. जहाजाची ती वारी 1995 ला संपली. हाजी विमानाने जाऊ लागले, म्हणून काय वाटेवरची सगळी माणसे घरी पोचली? मुसाफिराला अल्लाहने चार रकातींच्या दोन करून दिल्या. आमच्या ट्रस्टने त्याच्या दहा खोल्यांची शून्य करून टाकली.

आता आमच्यावर गुदरलेली हकीकत. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून बारावी झालेल्या चार मुलींना प्रवेश परीक्षेसाठी दूरच्या एका मोठ्या शहरात जायचे होते. परीक्षा सकाळची, म्हणून आदल्या रात्री मुक्काम आलाच. दोघींचे वडील हातगाडीवाले, एकीचे गॅरेजमध्ये, चौथीला वडीलच नाहीत. पालकांनी मुली आमच्या आणि शाळेतल्या एका आपांच्या भरवशावर पाठवल्या. स्टेशनजवळच्या पहिल्या लॉजवर रूम आहेत म्हणाले. आधार कार्डावरची नावे वाचली आणि रूम नाहीत म्हणाले. दुसऱ्या लॉजवर बुरखे पाहूनच मान हलली. हे आम्हाला नवे नव्हते. आम्ही मुलींना म्हणालो, चला, आपला मुसाफिरखाना आहे. तिथे गेलो. मॅनेजर अदबीने बोलले, पाणीही दिले. मग म्हणाले, "मास्टर साहब, आप ठहर सकते हैं. लेडीज को हम नहीं रखते. कमेटी का रूल है."

त्या रात्री सहा माणसे रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये बसून राहिली. आपांनी आपली ओढणी अंथरली. मुली दिव्याखाली बायोलॉजी वाचत होत्या आणि पहाटेपर्यंत एकीला ताप भरला. तिने पेपर दिला. तिचा नंबर कुठेही लागला नाही. ताप नसता तर लागला असता असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही तिचे मास्तर आहोत, तिचा अभ्यास आम्हाला ठाऊक आहे. पण लॉजवाल्याच्या 'नाही'ने ती रडली नव्हती, आणि मुसाफिरखान्याच्या पायऱ्या उतरताना रडली, हे आम्ही पाहिले. परक्याने दार लावले की माणूस चिडतो. घरच्याने लावले तर कुठे जायचे?

हे ट्रस्टींच्या कानावर घातले तेव्हा तीन उत्तरे मिळाली. पहिले: बायका ठेवल्या की 'गैरप्रकार' होतात. म्हणजे चार मुलींनी स्टेशनवर रात्र काढली तर गैरप्रकार होत नाही आणि आतून कडी असलेल्या खोलीत काढली तर होतो! गैरप्रकाराला रजिस्टर, ओळखपत्र आणि एक पगारी बाई पुरते.

दुसरे: खर्च निघत नाही. यावर इब्न बतूताचीच गोष्ट सांगतो. अनातोलियात लाधिक गावच्या बाजारातून तो जात असताना काही माणसांनी दुकानांतून उतरून त्याच्या घोड्याचे लगाम धरले, तेवढ्यात दुसरी टोळी आली आणि दोघांनी एकमेकांवर सुरे उपसले. याला वाटले, लुटारू आहेत. अरबी जाणणाऱ्या एका हाजीने उलगडा केला की हे अखी लोक आहेत आणि भांडण एवढ्यासाठी आहे की पाहुणा आधी कोणाकडे उतरणार! शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. हे अखी कोण होते? सुलतान नव्हते, शेठ नव्हते. हातावर पोट असलेले तरुण कारागीर. दिवसाची कमाई अस्रनंतर एकत्र करायची, त्यातून फळे, जेवण, दिव्याचे तेल आणायचे आणि त्या दिवशी जो मुसाफिर येईल त्याला खाऊ घालायचे. आमच्याकडे तर महिन्याला नऊ गाळ्यांचे भाडे येते. सुरे आम्हीही उपसतो, पण ते ट्रस्टच्या निवडणुकीत.

तिसरे उत्तर जास्त गंभीर आहे: "सर, ही वेळ आपसात बोलायची नाही." 2025 साली वक्फ दुरुस्ती कायदा आला तेव्हा गावोगाव सभा झाल्या. आम्हीही गेलो, सही केली, त्या कायद्याला आमची हरकत आजही आहे. पण मंचावरून जे सांगितले जात होते ते काय? वाकिफने ज्या कामासाठी जागा दिली तेच काम तिथे चालले पाहिजे, त्यात कोणाला ढवळाढवळ करता येणार नाही. बरोबर! मग मुसाफिरासाठी दिलेल्या जागेत मोबाईलचे दुकान कोणी घातले? सरकारने? ही वेळ आपसात बोलायची नसेल, तर ती वेळ आम्ही सत्तर-पंच्याहत्तर वर्षे शोधत आहोत.

काही वाचक म्हणतील, मास्तर फक्त आपल्या लोकांपुरते बोलतात. तसे नाही. मलबारच्या वाटेवर दर अर्ध्या मैलाला लाकडी घर, बसायला बाके आणि विहीर असे, असे इब्न बतूताने लिहिले आहे. तिथे कोणत्याही धर्माचा वाटसरू बसे. मुसलमानाला पाणी भांड्यात न देता ओंजळीत ओतत, हेही त्याने लपवलेले नाही. शिवाशिव होती, तरी पाणी होते. आज धडगाव, मोलगीकडून पेशंट घेऊन उतरणारी भिल्ल, पावरा माणसे रात्री कुठे झोपतात? दवाखान्याबाहेरच्या झाडाखाली. त्यांना आपल्या इमारतीत दोन खोल्या दिल्या तर वाकिफच्या रूहला त्रास होईल असे आम्हाला वाटत नाही.

आणि त्यांचे आमच्यावर देणे आहे. आमचे वडील मन्यार. होळीआधी बांगड्यांची पेटी घेऊन सातपुड्यातले बाजार करायचे. काठीची होळी आली की बांगडी खपते, म्हणून आठ-आठ दिवस घराबाहेर. तिथे ना लॉज, ना मुसाफिरखाना. अंधार पडला की ज्या पाड्यावर असतील तिथल्या कोणत्याही झोपडीसमोर पेटी उतरवायची. कुडाचे घर, बाहेर खाट. घरचा माणूस जमिनीवर झोपायचा आणि खाट बांगडीवाल्या चाचाला. ज्वारीची भाकर, मिरचीची चटणी. कोंबडे कापायचे झाले तर सुरी वडिलांच्या हातात देत, कारण पाहुण्याला आपल्या हातचे चालत नाही हे त्यांना माहीत असे. वडिलांनी पैसे देऊ केले तर घेत नसत. घरातल्या मुलींना चार-चार बांगड्या भरून वडील निघत. त्या लोकांनी सफरनामा लिहिला नाही आणि त्यांच्या घराचे फोटो कोणी मैफलीत दाखवत नाही.

मोरोक्कोहून आलेल्या त्या गृहस्थांना आम्ही हे सगळे बोलून दाखवले नाही. वयाने मोठे आहेत, शाळेला पंखे त्यांनीच दिले आहेत. अर्ज मात्र लेखी दिला. नऊपैकी दोन गाळ्यांचा करार येत्या मार्चमध्ये संपतो. ते पुन्हा भाड्याने न देता त्या जागी तीन खोल्या काढाव्यात: एक बायकांसाठी, आतून कडी आणि लागून संडास-बाथरूम असलेली, एक पुरुषांसाठी, एक दवाखान्यात येणाऱ्या कोणाहीसाठी, जात-धर्म न विचारता. रात्री राहायला एक गरजू बाई पगारावर ठेवावी. पहिल्या वर्षाच्या पगारातला अर्धा वाटा आम्ही आणि आमचे चार सहकारी शिक्षक मिळून देऊ. खाली पाच सह्या आहेत.

अर्ज त्यांनी उभ्यानेच वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "देखते हैं सर, ईद के बाद."

कोणती ईद, हे विचारायला आम्ही येत्या जुम्म्याला पुन्हा जाणार आहोत.