मत द्यायला वय लागत नाही, कारण लागतं

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण परक्याशी नाही, आपल्याच माणसांशी आहे. म्हणजे माझ्या वयाच्या, सत्तरी गाठलेल्या नातेवाइकांशी आणि मित्रमैत्रिणींशी. त्यातले बरेच जण हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच तर लिहितेय!

आपल्या पिढीला एक वाक्य फार सवयीचं झालंय. "तुला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य आपण विसाव्या वर्षी ऐकलं, तेव्हा आपल्याला राग आला. आता तेच आपण व्याजासकट परत करतोय. राजकारण, देवधर्म वगैरे सोडून द्या. अहो, सिनेमाच्या बाबतीतसुद्धा!

माझ्या बहिणीचा नातू एकोणीस वर्षांचा आहे. कॉलेजात शिकतो, संध्याकाळी दोन शिकवण्या घेतो आणि त्या पैशाने सिनेमे बघतो. बघून आला की त्यावर बोलतो, आणि बोलायला लागला की थांबत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' आणि 'आरपार' हे दोन मराठी चित्रपट एकाच दिवशी, १२ तारखेला लागले आणि पुढच्याच शुक्रवारी, १९ ला, 'साबर बोंडं' आला. पठ्ठ्याने तिन्ही पाहिले. एकासाठी तर भाईंदरहून गाडी पकडून बराच लांब गेला होता, कारण इकडे सोयीच्या वेळेला खेळ नव्हता.

'दशावतार'बद्दल त्याचं मत असं. दिलीप प्रभावळकर ऐंशीच्या पुढच्या वयात जे करतात ते पाहून थक्क व्हायला होतं. कोकणातला रंगमंच, नजर अधू होत चाललेला म्हातारा नट आणि त्याचा मुलगा, इथपर्यंत चित्रपट त्याला आपल्या मातीतला वाटला. पण उत्तरार्धात तो दक्षिणेकडच्या मोठ्या चित्रपटांसारखा व्हायला बघतो आणि तिथे आपला राहत नाही, असं त्याचं म्हणणं. 'साबर बोंडं'बद्दल तो म्हणाला की असा शांत मराठी चित्रपट त्याने आधी पाहिला नव्हता. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, त्याचं लग्न का होत नाही म्हणून टोचणारे नातेवाईक, आणि गावातल्या जुन्या मित्रावर त्याचं असलेलं प्रेम. "आजी, त्यात कुणी ओरडत नाही गं, म्हणून जास्त लागतं," असं तो म्हणाला.

हे सगळं तो दिवाळीच्या फराळाला बोलला. आणि मग आपली मंडळी तुटून पडली. एक काका म्हणाले, "प्रभावळकरांना नावं ठेवण्याइतका मोठा झालास का?" (त्याने प्रभावळकरांना नावं ठेवलीच नव्हती, पटकथेला ठेवली होती.) एक मावशी म्हणाल्या, "असले विषय हवेतच कशाला मराठीत?" आणखी एकांनी समारोप केला, "हल्लीच्या मराठी सिनेमात काही राम राहिला नाही."

मी फक्त एकच प्रश्न विचारला. यातला कुठला चित्रपट कोणी कोणी पाहिलाय? सहा मोठी माणसं होती. एकानेही पाहिला नव्हता!

आता मला सांगा, यातलं कळत कुणाला होतं? ज्याने तिकीट काढलं, तीन वेळा अंधारात बसला आणि का आवडलं, का नाही हे सांगितलं त्याला, की चकली मोडत न पाहिलेल्या चित्रपटावर निकाल देणाऱ्यांना? 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. रोहन कानवडे या दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा चित्रपट. पारितोषिक मिळालं म्हणून तो आवडलाच पाहिजे असं मुळीच नाही. पण न आवडण्यासाठीसुद्धा आधी पाहावा लागतो ना!

हा घरगुती वाद म्हणून सोडून दिला असता. पण आपण राहतो कुठे ते बघा. आमच्या मीरा-भाईंदरमध्ये ८ जुलै २०२५ ला मराठीसाठी मोर्चा निघाला. देशभर बातम्या झाल्या. आमच्या इमारतीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. मोर्चा निघायला हवा होता की नको, यावर इथे बोलत नाही. मी पुढचं बोलतेय. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, १८ जुलैला, 'येरे येरे पैसा ३' हा मराठी चित्रपट लागला. त्याच दिवशी हिंदीतला 'सैयारा' लागला. 'सैयारा' धो धो चालला आणि मराठी चित्रपटाचे पडदे काढून घेतले गेले. त्यावरही पुढाऱ्यांनी आवाज उठवला. आवाज उठवणं ठीकच आहे. पण मोर्चाबद्दल तावातावाने बोलणाऱ्या आमच्या इमारतीतल्या किती जणांनी त्या आठवड्यात एक मराठी तिकीट काढलं, हे विचारायची सोय नाही. राग येतो लोकांना.

पडद्यांचं भांडण काही आजचं नाही. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'साठी दादरच्या कोहिनूर थिएटरवर शिवसेनेला उतरावं लागलं होतं. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट लावण्याची सक्ती जाहीर केली, आणि मग ती वेळ ढिली करून दुपारी बारा ते रात्री नऊ अशी केली. पण 'सोंगाड्या'चं पुढे काय झालं तेही आठवा. थिएटर आंदोलनाने मिळालं, पण तो चालला लोकांनी पाहिला म्हणून. नियमाने पडदा मिळतो, खुर्चीत बसायला माणूस लागतो. आणि खुर्ची रिकामी दिसली की थिएटरवाला दुसऱ्या आठवड्यात खेळ सकाळी नऊला किंवा भर दुपारी ढकलतो. नोकरदार माणूस तेव्हा जाणार कसा? मग चित्रपट उतरतो, आणि आपण म्हणतो, "अरेरे, बघायचा होता, पण गेला वाटतं!"

म्हणजे छोट्या मराठी चित्रपटाला आयुष्य किती, तर शुक्रवार ते गुरुवार. त्याच्याकडे रस्त्यारस्त्यावर फलक लावायला पैसे नसतात. त्याची जाहिरात एकच. शुक्रवारी पाहून आलेला कोणीतरी शनिवारी चौघांना सांगतो, "जा, बघा." हा कोणीतरी बहुतेक वेळा विशीतला असतो, कारण पहिल्या दिवशी जाण्याची हौस त्यालाच असते. त्याचं तोंड आपण फराळाच्या ताटावर बंद केलं तर नुकसान त्याचं एकट्याचं नाही.

तोंड बंद करण्याची भाषा मोठ्या पातळीवरही चालू आहे, बरं का. केरळ उच्च न्यायालयात चित्रपटांवरच्या खोडसाळ परीक्षणांचं प्रकरण गेलं, तेव्हा न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या वकिलांनी २०२४ मध्ये सुचवलं की प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षण करू नये. त्याच वर्षाच्या शेवटी तमिळ निर्मात्यांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली, पहिले तीन दिवस परीक्षणांवर बंदी घाला म्हणून. त्यांची तक्रार अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. पैसे घेऊन चित्रपट पाडणारे आणि पैसे घेऊन चढवणारे, दोन्ही प्रकारचे लोक आहेत. त्यांना कायद्याने पकडावं. पण ४८ तास सगळ्यांचीच तोंडं बांधली तर काय होईल याचा हिशोब करा. शुक्रवारपासून दोन दिवस म्हणजे शनिवार गेला आणि रविवारही निम्मा संपला. मोठ्या चित्रपटाचं यात काही बिघडत नाही, त्याचे फलक बोलतच असतात. मरतो तो 'साबर बोंडं'सारखा. त्याच्या बाजूने बोलणारं एकुलतं एक तोंडच तुम्ही बांधलंत!

आता दुसरी बाजू. तुम्ही म्हणाल, बाई फार बाजू घेतायत पोरांची. त्यांची मतं म्हणजे काय असतात, तर "बकवास", "एक नंबर", पाचपैकी दीड तारे आणि किती कोटी कमावले!

हे खरं आहे, आणि मलाही ते खटकतं. कोटींचा आकडा म्हणजे मत नव्हे. 'सैराट' २०१६ मध्ये लागला आणि शंभर कोटींच्या पुढे गेला, पण तो चांगला आहे तो त्या शंभर कोटींमुळे नाही. त्याआधी नागराज मंजुळ्यांचाच 'फँड्री' आला, त्याने याच्या जवळपासही पैसे मिळवले नाहीत. मग तो कमी प्रतीचा झाला का? पहिल्या दिवसाचा गल्ला बघून निकाल लावायचा तर १९७५ साली 'शोले'लाही धंद्यातल्या जाणत्या लोकांनी आपटलेला ठरवलं होतं. मग तोच मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. लक्षात घ्या, ती चूक पोरांनी केली नव्हती, अनुभवी माणसांनी केली होती. उलट 'तुंबाड' बघा. राही बर्वेचा हा चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला. पुढची सहा वर्षं तरुण मुलं एकमेकांना "बघच" म्हणून सांगत राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. तो चित्रपट जगला तो या पोरांच्या बडबडीवर!

आणि पोरांना कारणं देता येत नाहीत, तर ती त्यांना शिकवली कुणी? दहावीच्या मराठीत रसग्रहणाचा प्रश्न असतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा पायऱ्या ठरलेल्या. मुलं गाइडमधला उतारा पाठ करतात, जशीच्या तशी उतरवतात आणि गुण घेऊन मोकळी होतात. तीन दशकं मी मराठीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. एकाच वर्गातल्या चाळीस मुलांना एकच कविता एकाच शब्दांत आवडलेली मी पाहिली आहे! दहा वर्षांच्या शाळेत ज्या मुलाला "ही कविता तुला आवडली का? नसेल तर का नाही?" असं कुणी विचारलं नाही, तो विसाव्या वर्षी तारेच देणार. गणितात आपण नुसत्या उत्तराला पूर्ण गुण देत नाही, पायऱ्या दाखव म्हणतो. मताच्या बाबतीत मात्र एकतर पाठ केलेलं मत चालवून घेतो, नाहीतर स्वतःचं मत दडपतो.

अजून एक आक्षेप नेहमी येतो. "मराठी चित्रपटावर मराठी माणसानेच टीका करायची नाही, आधीच त्याची अवस्था नाजूक." मला हे अजिबात मान्य नाही. हे ग्रेस मार्क झाले. काठावरच्या मुलाला दोन-चार गुण देऊन वरच्या वर्गात ढकलतात, त्याने तो हुशार होत नाही. मराठी आहे म्हणून वाईट चित्रपटाला चांगलं म्हटलं, तर त्या शब्दावर भरवसा ठेवून एकदा फसलेला प्रेक्षक पुढच्या चांगल्या चित्रपटालाही येत नाही. 'श्यामची आई'ला १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पुन्हा मराठीकडे यायला 'श्वास'पर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत, थांबावं लागलं. मधली पन्नास वर्षं काही आपल्याला कौतुकाची कमतरता नव्हती. म्हणून उत्तरार्ध फसला असं स्पष्ट सांगणारा मुलगा मला मराठीचा जास्त सख्खा वाटतो. तो निदान चित्रपटगृहात गेला होता.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. घरातलं पोर एखाद्या चित्रपटाबद्दल बोललं की "तुला काय कळतंय" म्हणू नका, "का रे?" म्हणा. तो "बकवास" म्हणाला तर कुठला प्रसंग बकवास ते विचारा. "भारी" म्हणाला तरी सोडू नका. दोनदा "का" विचारलंत की तिसऱ्या वेळी तो स्वतःच कारण घेऊन येईल, माझा अनुभव आहे. आणि तुम्हाला त्याचं मत पटलं नाही तर खुशाल भांडा, पण तिकीट काढून, पाहून आल्यावर. तेही पहिल्या आठवड्यात, गुडघे कुरकुरले तरी.

ज्या शहरात मराठी ऐकू येणं हीच बातमी होते, तिथे एक एकोणीस वर्षांचा मुलगा अर्धा तास मराठी चित्रपटावर मराठीत वाद घालतो, याहून आपल्याला आणखी हवंय तरी काय?

असो. रागावला असाल तर जरूर कळवा. फक्त कारणासकट!